शाळेतील सेवा-करार: कामाच्या यादीपासून शेवटच्या बिलापर्यंत

मे महिना संपत आला की शाळांच्या कार्यालयांत दरपत्रकांची धावपळ सुरू होते. जूनच्या मध्याला वर्ग भरायचे असतात आणि सफाई, सुरक्षा, बस, उपाहारगृह, सीसीटीव्ही यांचे गेल्या वर्षीचे करार एक तर संपलेले असतात किंवा कधी झालेच नव्हते असे लक्षात येते. मग तीन एजन्सींना फोन होतात, सर्वांत कमी दर निवडला जातो आणि एजन्सीनेच आणलेल्या छापील नमुन्यावर सह्या होतात. पुढच्या वर्षभरातील बहुतेक वाद या क्रमातून जन्माला येतात, कारण नेमके कोणते काम हवे आहे हे लिहिण्याआधीच त्याचा दर ठरलेला असतो.

हा लेख नाशिक परिसरातील खासगी व्यवस्थापनाच्या शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि छोट्या विश्वस्त संस्थांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना खरेदीचे शासकीय नियम लागू असल्याने टप्पा ३ आणि ४ त्यांच्यासाठी वेगळे असतील. बाकीचे टप्पे त्यांनाही उपयोगी पडतील.

टप्पा १: सेवांची नोंदवही तयार करणे (जानेवारी–फेब्रुवारी)

बाहेरची माणसे किंवा बाहेरची यंत्रणा ज्या ज्या कामासाठी येते, ते प्रत्येक काम एका वहीत किंवा एक्सेलच्या तक्त्यात उतरवावे. सेवा, पुरवठादार, कराराची सुरुवात व शेवट, नोटिशीचा कालावधी, मासिक किंवा वार्षिक रक्कम, अनामत, परवान्याची मुदत आणि शाळेतर्फे जबाबदार व्यक्ती असे आठ स्तंभ पुरतात. लेखापालाकडून मागील बारा महिन्यांची देयके घेऊन ही यादी ताडून पाहावी. पाण्याची टाकी धुणारा, कीटकनाशक फवारणारा, आरओ यंत्राची देखभाल करणारा आणि शाळेचे ॲप चालवणारी कंपनी ही नावे पहिल्या यादीत हमखास सुटतात आणि बिलांच्या फायलीत सापडतात.

नोटिशीच्या स्तंभाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी लेखी कळवले नाही तर करार आपोआप एक वर्ष वाढेल’ असे वाक्य अनेक छापील करारांत असते. असा करार ३१ मे रोजी संपत असेल तर निर्णयाची शेवटची तारीख एप्रिलच्या पहिल्या दिवसांत येते, आणि त्या वेळी सारी शाळा वार्षिक परीक्षांत बुडालेली असते.

नाशिकच्या संस्थांनी या वर्षी आणि पुढच्या वर्षी आणखी एक स्तंभ जोडावा, तो सिंहस्थाचा. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि ऑगस्ट–सप्टेंबर २०२७ मध्ये अमृतस्नाने आहेत. या काळात पंचवटी, द्वारका आणि त्र्यंबक रस्त्यावरील वाहतूक वळवली जाईल, तर बस, चालक, सुरक्षा रक्षक आणि सफाई कामगार या सगळ्यांची मागणी शहरात एकाच वेळी वाढेल. पर्यायी मार्ग, शाळा बंद राहिलेल्या दिवसांचे देयक आणि ‘माणसे उपलब्ध नाहीत’ या सबबीवर काय करायचे, हे या दोन शैक्षणिक वर्षांच्या करारांत आधीच लिहिलेले बरे.

*तपासणी: यादीतील प्रत्येक सेवेपुढे शाळेतील एका व्यक्तीचे नाव आहे का? ‘कार्यालय’ हे व्यक्तीचे नाव नव्हे.*

टप्पा २: काम लिहून काढणे

संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. दरपत्रक मागवण्याआधी प्रत्येक सेवेसाठी एक किंवा दोन पानांचा कामाचा तपशील तयार असला पाहिजे आणि तो पुढे करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडला गेला पाहिजे.

‘शाळेची संपूर्ण स्वच्छता ठेवणे’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्याचे पालन झाले की नाही हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘तळमजल्यावरील मुलींचे स्वच्छतागृह सकाळी ७ वाजण्यापूर्वी, लहान सुट्टीनंतर, मोठ्या सुट्टीनंतर आणि शाळा सुटल्यावर असे चार वेळा धुणे, प्रत्येक वेळी दारामागील तक्त्यावर वेळ व सही, हात धुण्याचा साबण आणि कचऱ्याची पिशवी संपलेली आढळल्यास त्याच वेळी भरणे, महिला कर्मचारीच नेमणे.’ साबण, फिनाइल, झाडू आणि पोछे कोणी आणायचे, हेही त्याच पानावर यावे. दर मागताना हा मुद्दा सुटला की ऑगस्टमध्ये साहित्याचे वेगळे बिल येते.

सुरक्षेच्या बाबतीत किती रक्षक हवेत यापेक्षा किती ठिकाणी, किती तास हवेत याचा हिशेब मांडावा. एजन्सीवाले ज्याला ‘पॉइंट’ म्हणतात, ते एक फाटक चोवीस तास सांभाळायचे तर आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी धरता एक रक्षक सहा पाळ्या करतो, म्हणून एका पॉइंटला साडेतीन माणसे लागतात. कोणी दोनच माणसांत चोवीस तासांचा पॉइंट देऊ करत असेल, तर ते दोघे रोज बारा तास, सुट्टीशिवाय आणि बहुधा जादा कामाच्या दुप्पट मोबदल्याशिवाय उभे राहणार आहेत. रात्री फाटकावर झोपलेला रक्षक हा त्याच दरपत्रकाचा परिणाम असतो.

यंत्रांच्या वार्षिक देखभाल करारात, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, सुटे भाग धरलेले आहेत की नाहीत, हा पहिला प्रश्न असावा. भागांशिवायचा करार स्वस्त दिसतो. पण जनरेटरची बॅटरी किंवा कॅमेऱ्याची हार्ड डिस्क गेली की फरक भरून निघतो. तक्रार नोंदवल्यापासून किती तासांत माणूस येणार, किती तासांत यंत्र चालू होणार आणि तोवर पर्यायी यंत्र मिळणार का, या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात. ‘चोवीस तासांत प्रतिसाद’ याचा अर्थ एजन्सीच्या लेखी फोन उचलणे एवढाच असू शकतो.

इशारा: कामाचा तपशील एजन्सीकडून लिहून घेऊ नये. ती आपल्याला परवडेल तेवढेच काम लिहिते, आणि इतर एजन्सींच्या दरांशी तुलना करण्याची सोयही संपते.

टप्पा ३: पात्रता तपासणे

दर उघडण्याआधी कागदपत्रे पाहावीत. कमी दर एकदा नजरेस पडला की कागदपत्रांकडे डोळेझाक होते. पॅन, जीएसटी नोंदणी असल्यास तिचा क्रमांक, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांचे संकेतांक, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश आणि दोन चालू ग्राहकांची नावे ही किमान यादी सर्वांना लागू आहे. त्या दोन ग्राहकांपैकी एकाकडे प्रत्यक्ष जाऊन यावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या काही एजन्सी शाळांनाही सेवा देतात आणि कारखान्यात मागणी वाढली की शाळेतली माणसे तिकडे हलवतात. हे कागदावरून कळत नाही, दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून कळते.

सेवेनुसार आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात. सुरक्षा एजन्सीकडे खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ खालील परवाना हवा आणि त्याची मुदत कराराच्या काळात संपत नसावी. उपाहारगृह चालवणाऱ्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना असावा. जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेत व शाळेपासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे, ही अट मेनूसह करारात उतरवावी. अग्निशमन यंत्रणेची देखभाल परवानाधारक संस्थेकडेच द्यावी लागते आणि तिने दर जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यायचे असते. ते हाती आल्याशिवाय त्या सहामाहीचे पैसे सोडू नयेत.

बससाठी महाराष्ट्रातील २०११ चे स्कूल बस नियम लागू आहेत. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील परिवहन समिती, शाळा व बस पुरवणारा ठेकेदार यांच्यातील लेखी करार, वेगनियंत्रक आणि महिला परिचर या गोष्टी त्यात येतात. ‘पालक थेट बसवाल्याला पैसे देतात, आमचा संबंध नाही’ असे अनेक व्यवस्थापने म्हणतात. पैसे कोणीही देत असले तरी समितीची जबाबदारी संपत नाही. योग्यता प्रमाणपत्र, विमा, परवाना आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांची प्रत घेऊन न थांबता वाहन क्रमांक टाकून शासनाच्या परिवहन ॲपवर मुदती पडताळून पाहाव्यात. दोन मिनिटांचे काम आहे.

टप्पा ४: दरपत्रके मागवणे आणि त्यांची तुलना

किमान तीन दरपत्रके, सर्वांना एकच कामाचा तपशील, एकच अंतिम तारीख आणि बंद पाकीट ही पद्धत छोट्या संस्थेलाही झेपते. पाकिटे दोन-तीन सदस्यांसमोर उघडावीत, प्रत्येक पानावर सह्या कराव्यात आणि तुलनात्मक तक्ता व्यवस्थापन समितीच्या ठरावाला जोडावा. पुरवठादार एखाद्या विश्वस्ताचा नातेवाईक असेल, तर त्या विश्वस्ताने चर्चेतून बाहेर राहावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. हे लेखापरीक्षकाने विचारण्याआधी झालेले चांगले.

मनुष्यबळाच्या सेवेत एकत्रित रक्कम स्वीकारू नये, घटकवार फोड मागावी. लागू असलेले किमान वेतन व विशेष भत्ता हा पाया. त्यावर भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा प्रशासकीय शुल्कासह सुमारे १३ टक्के, ईएसआयचा ३.२५ टक्के आणि बोनसचा ८.३३ टक्के असे जवळपास २५ टक्के चढतात. निधीसाठी १५,००० रुपयांची वेतनमर्यादा लावली तर आकडा थोडा उतरतो. त्यानंतर रजा, गणवेश आणि एजन्सीचे शुल्क येते. म्हणून किमान वेतनापेक्षा जेमतेम आठ-दहा टक्के वरचा दर कोणी देत असेल, तर ती तफावत कामगाराच्या खिशातून भरली जाणार आहे हे उघड आहे, आणि तो प्रश्न पुढे शाळेच्या दारात येणार आहे. विशेष भत्ता दर जानेवारी व जुलैला बदलतो, त्यामुळे ‘वर्षभर दर स्थिर’ अशी अट मनुष्यबळाच्या करारात घालू नये. वैधानिक वाढ प्रत्यक्षानुसार आणि एजन्सीचे शुल्क स्थिर, अशी विभागणी दोन्ही बाजूंना न्याय्य ठरते.

आता जीएसटी. पूर्वप्राथमिक ते उच्च माध्यमिक शिक्षण देणाऱ्या संस्थेला पुरवलेली विद्यार्थी व कर्मचाऱ्यांची वाहतूक, खानपान सेवा आणि शाळेच्या आवारातील सुरक्षा, सफाई व गृहव्यवस्थापन सेवा जीएसटीतून मुक्त आहेत. तरीही एजन्सीचे संगणकीय बिल सवयीने १८ टक्के लावते आणि कार्यालय ते सवयीने भरते. शाळेला त्या कराची वजावटही मिळत नाही, म्हणजे रक्कम थेट बुडते. ही सूट वरिष्ठ महाविद्यालयाला नाही. शिपाई किंवा लिपिक पुरवण्याला आणि यंत्रांच्या देखभालीलाही ती लागू होत नाही. एकाच आवारात शाळा आणि महाविद्यालय असेल तर दोन स्वतंत्र करार व दोन स्वतंत्र बिले घ्यावीत आणि वर्गवारी सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावी.

*तपासणी: तुलनात्मक तक्त्यात सर्व दर एकाच पायावर आहेत का? एकाचा मासिक दर २६ दिवसांचा आणि दुसऱ्याचा ३० दिवसांचा असेल, तर तक्ता चुकीचा आहे.*

टप्पा ५: करारनामा

मसुदा शाळेचा असावा. एजन्सीचा नमुना घ्यावाच लागला, तर निदान पुढील कलमे बदलल्याशिवाय सही करू नये.

न्यायक्षेत्र: पुणे-मुंबईच्या कंपन्यांच्या करारात तिथले न्यायालय लिहिलेले असते. पंचवीस हजारांच्या वादासाठी तिकडे कोणी जात नाही, हे त्यांना ठाऊक असते. ‘नाशिक येथील सक्षम न्यायालय’ असेच असावे.

कामगारांची देणी: ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्ता म्हणून संस्थेवर येते, निधी आणि ईएसआयच्या वर्गणीबाबतही तेच. श्रम संहितांमुळे कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व बदललेले नाही. म्हणून करारात क्रमांक न लिहिता ‘त्या त्या वेळी लागू असलेला कायदा’ असे लिहावे आणि अशी रक्कम भरावी लागल्यास ती ठेकेदाराच्या बिलातून वा अनामतीतून वळती करण्याचा अधिकार राखून ठेवावा. एक-दोन महिन्यांच्या बिलाएवढी अनामत पुरेशी असते.

माणसे बदलणे: शाळेने लेखी कळवल्यावर चोवीस तासांत कोणतीही व्यक्ती कारण न देता मागे घेतली जाईल, आणि शाळेच्या लेखी संमतीशिवाय नवी व्यक्ती आत येणार नाही. मुलांच्या संस्थेत या कलमावर तडजोड करू नये.

माहिती: ॲप, बायोमेट्रिक हजेरी आणि बसच्या जीपीएसची कंपनी विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती बाळगते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. माहितीची मालकी शाळेची, वापर ठरलेल्या कामापुरता, आणि करार संपल्यावर वाचता येईल अशा स्वरूपात परत देऊन स्वतःकडील प्रत नष्ट करणे, ही तीन वाक्ये हवीतच.

जागा: उपाहारगृह किंवा पुस्तक विक्रीसाठी खोली देताना भाडेपट्टा न करता केवळ वापराची परवानगी द्यावी. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

मुद्रांकाचा शंभर रुपयांचा जुना हिशेब आता विसरावा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा दस्तांना किमान ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क आहे. तारीख, प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांच्या सह्या, सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव आणि सर्व परिशिष्टे पाहूनच दस्त फायलीला लावावा.

टप्पा ६: काम सुरू होण्यापूर्वी

बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांतील सुरक्षेसंबंधी जे निर्देश दिले, त्यांत कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा समावेश आहे, आणि बाहेरून येणारी माणसे त्यातून सुटत नाहीत. पोलीस पडताळणीचा अर्ज केल्याची पावती म्हणजे पडताळणी नव्हे. प्रमाणपत्र येईपर्यंत त्या व्यक्तीला मुलांच्या वेळेत आवारात कामाला लावू नये. मे महिन्यात अर्ज केले तर जूनमध्ये अडचण येत नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येक कामगाराचे छायाचित्र, आधारची प्रत, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन (सदस्याचा कायम क्रमांक) आणि ईएसआयचा विमा क्रमांक असलेली यादी शाळेकडे असावी. ईएसआयची नोंदणी ‘सुरू आहे’ असे महिनोन्‌महिने ऐकू येते, आणि जिन्यावरून घसरून पडलेल्या मावशींना सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात नेल्यावर त्यांचे नावच नाही असे कळते. त्यानंतरचा खर्च आणि दावा दोन्ही संस्थेकडे येतात.

किल्ल्या, यंत्रे आणि साहित्य यांची सहीनिशी यादी करावी. सीसीटीव्हीचा मुख्य पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवावा.

टप्पा ७: दरमहा बिल तपासणे

करार कितीही चांगला लिहिला तरी त्याची अंमलबजावणी फक्त याच ठिकाणी होते. पुढील क्रम मोडू नये.

१. हजेरीपट शाळेचा असावा, एजन्सीचा नव्हे. फाटकावरील नोंदवही किंवा बायोमेट्रिक यंत्रावरून महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो बंद करून जबाबदार व्यक्तीने सही करावी.

२. बिलातील दिवस हजेरीपटाशी जुळवावेत. सहा रक्षकांचे १५६ दिवस लावले असतील आणि हजेरी १४९ दिवसांची असेल, तर सात दिवसांची रक्कम वजा करून दुरुस्त बिल मागवावे. जुन्या बिलावर पेनाने खाडाखोड करू नये.

३. सोबत मागील महिन्याच्या निधीचे चलन आणि नावनिहाय विवरण घ्यावे. फक्त चलन घेणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. त्यावर एकूण रक्कम दिसते, आपल्या सहा जणांची नावे दिसत नाहीत. नावनिहाय विवरणातील यूएएन टप्पा ६ मधील यादीशी ताडावेत. निधी आणि ईएसआय या दोन्हींच्या वर्गण्या पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायच्या असल्याने जुलैच्या बिलासोबत जूनचा पुरावा मागणे रास्त आहे.

४. वेतन बँकेतून जमा झाल्याचा पुरावा पाहावा आणि तिमाहीतून एकदा दोन कामगारांना बोलावून त्यांच्या मोबाइलवरील पासबुक पाहावे. एजन्सीचा पर्यवेक्षक त्या वेळी खोलीत नसावा.

५. दंड किंवा कपात कारणासह लिहावी. नंतर आयकराची उद्गम कपात (टीडीएस) करावी: ठेकेदार व्यक्ती किंवा अविभक्त कुटुंब असल्यास १ टक्का, इतरांना २ टक्के. एका वेळी ३०,००० किंवा वर्षात एकूण १,००,००० रुपये ओलांडले की ही कपात लागू होते, आणि ती पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची असते; मार्चच्या कपातीला ३० एप्रिलची मुदत आहे.

६. पैसे बँकेतूनच द्यावेत.

इशारा: तपासणीच्या नावाखाली बिल अडकवून ठेवणेही तितकेच चुकीचे आहे. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असूनही ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. त्यानंतर चक्रवाढ व्याज लागते. शिवाय एजन्सीला पैसे उशिरा मिळाले की पहिला फटका रक्षकाच्या पगारालाच बसतो.

टप्पा ८: तक्रारी आणि नोटिसा

व्हॉट्सॲपवर फोटो टाकण्याने काम लवकर होते, तेव्हा ते जरूर करावे. पण आठवड्याच्या शेवटी सर्व तक्रारींचा एक ईमेल कराराच्या क्रमांकासह गेला पाहिजे. वर्षाच्या शेवटी करार मोडायचा ठरला, तर ‘आम्ही तोंडी अनेकदा सांगितले’ याला किंमत नसते. त्याच महिन्याचे बिल कपातीशिवाय मंजूर केले असेल, तर लेखी तक्रारही कमकुवत होते, कारण एजन्सीचा वकील सर्वप्रथम तेच बिल पुढे करतो.

टप्पा ९: नूतनीकरण किंवा समाप्ती

नोटिशीच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी जबाबदार व्यक्तीने एका पानाचा अहवाल समितीला द्यावा: किती तक्रारी, किती कपात, किती माणसे बदलली, परवाने कधी संपतात. नूतनीकरण करायचे असेल तरी कामाचा तपशील पुन्हा वाचावा. वर्षभरात वर्ग वाढलेले असतात, एक मजला चढलेला असतो आणि सफाईचा तपशील मात्र जुन्याच इमारतीचा असतो.

समाप्तीत घाई करू नये. नवी एजन्सी आणि जुनी एजन्सी यांचे किमान तीन दिवस एकत्र घ्यावेत. ते शक्यतो मे महिन्यात, मुले नसताना. शेवटचे बिल आणि अनामत पुढील गोष्टी हाती आल्यावरच सोडावी: किल्ल्या, ओळखपत्रे व गणवेश, कॅमेऱ्यांचे आणि ॲपचे पासवर्ड, जे त्याच दिवशी बदलावेत, विद्यार्थ्यांची माहिती आणि ती नष्ट केल्याचे लेखी पत्र, शेवटच्या महिन्याचे निधी व ईएसआयचे नावनिहाय विवरण, आणि प्रत्येक कामगाराचा शेवटचा पगार जमा झाल्याचा बँकेचा पुरावा. शेवटच्या महिन्याची वर्गणी पुढील १५ तारखेपर्यंत भरायची असल्याने, अनामत परत करण्याची तारीख कराराच्या अखेरीनंतर किमान ३० दिवसांनी ठेवावी आणि तसे टप्पा ५ मधील करारनाम्यातच लिहावे.